वीरगळांचे ६१ जीबी आणि अडलेला अपलोड: प्रकल्प नोंदी

४ जून २०२५, बुधवार

मिरज तालुक्यातल्या गावांतून या उन्हाळ्यात टिपलेले ११ वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड. प्रत्येकाभोवती फिरून दोनशेच्या वर फोटो, एकूण २,३४० रॉ फाइली, सरासरी २६ एमबीची एक. म्हणजे साधारण ६१ जीबी. यातून त्रिमिती मॉडेल करायचं काम इंग्लंडमधल्या लीस्टरच्या भाच्याकडे, शिलालेख आणि शिल्पं वाचायचं रत्नागिरीच्या ताईंकडे, तिसरी प्रत पुण्याच्या मावसभावाकडे. फुकटच्या क्लाउडवर १५ जीबीच्या पुढे पैसे मागतात, म्हणून टॉरेंट: फाइली मधल्या कुठल्या कंपनीकडे न चढवता चौघांच्या संगणकांनी एकमेकांकडून तुकड्यातुकड्याने घ्यायच्या. तिघांना टॉरेंटची छोटी फाइल पाठवून दिली आणि ३० मेपासून मी सीड करतोय, म्हणजे माझी पूर्ण प्रत वाटायला ठेवलीय.

आज सहावा दिवस. भाचा २२ टक्के, ताई शून्य, पुणे शून्य. अपलोड १८० केबी प्रतिसेकंद, त्याच्या पुढे काटा हलत नाही.

हिशोब केला. या वेगाने एक प्रत पोचायला सलग चार दिवस. लॅपटॉप दिवसा माझ्याबरोबर ऑफिसात असतो, घरी चालू असतो तो संध्याकाळी सात ते अकरा. म्हणजे तेवीस-चोवीस दिवस, तेही एकाच प्रतीला. हार्ड डिस्क पिशवीत घालून सांगली स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली असती तर संध्याकाळपर्यंत ताईंच्या हातात पडली असती. आता इरेला पेटलोय, म्हणून या नोंदी.

५ जून, गुरुवार

आधी घरचा भ्रम काढला. माझा प्लॅन ५० चा, पण ते ५० मेगाबिट. टॉरेंटचा प्रोग्राम बाइटमध्ये मोजतो, आठाने भागायचं: सव्वासहा एमबी प्रतिसेकंद ही माझी कमाल. स्पीड टेस्ट घेतली, खाली ४८, वर ४७. केबलवाल्याच्या लाइनीत खोट नाही. म्हणजे सव्वासहा हजार केबीची वाट आहे आणि त्यातून १८० जातायत.

मग क्यूबिटटॉरेंट या माझ्या टॉरेंट-प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जे दिसलं ते लिहायला लाज वाटते. अपलोड मर्यादा: २०० केबी. माझीच, माझ्याच हाताने घातलेली. जुन्या घरी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं आणि अपलोड मोकळा सोडला की अख्ख्या घराचं इंटरनेट बसायचं, तेव्हाची. लाइन बदलली, घर बदललं, लॅपटॉपही बदलला, पण सेटिंगची फाइल मी दरवेळी जपून नव्या मशीनवर आणली.

मर्यादा काढली. १८० चे ३१० झाले. पाच मिनिटं फार आनंद झाला. मग लक्षात आलं की सव्वासहा हजारांतले ३१०.

७ जून, शनिवार

आज वेगाकडे बघायचं सोडलं आणि पीअरच्या, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या, यादीकडे बघितलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. यादीत एकच नाव: भाचा. तोही आपणहून आलेला नाही. त्याने व्हॉट्सॲपवर आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर) कळवला होता, तो मी हाताने घातला होता. ताई आणि पुणेकर यादीतच नाहीत. मी इथे ‘अपलोड हळू का’ म्हणून डोकं फोडतोय आणि तिकडे तिघांपैकी दोघांना मी कुठे आहे हेच माहीत नाही.

कारण सापडलं ते टॉरेंट बनवतानाच्या एका खुणेत. ‘खासगी’ या चौकटीत मी बरोबरची खूण केली होती. वाटलं, आपल्या चौघांतलंच काम आहे, खासगीच ठेवू. पण त्या खुणेचा अर्थ गुप्तता नाही. ती खूण असली की प्रोग्राम डीएचटी (पीअरांनीच मिळून चालवलेली पत्त्यांची वही) वापरत नाही, एका पीअरकडून दुसऱ्याचा पत्ता घेत नाही, फक्त ट्रॅकरला, म्हणजे कोण कुठे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. सभासदांपुरत्या चालणाऱ्या ट्रॅकरांसाठी ती सोय आहे. माझ्या टॉरेंटला ट्रॅकरच नव्हता. म्हणजे मी लग्नाची पत्रिका छापली आणि तीवर कार्यालयाचा पत्ताच घातला नाही.

आणि हे फोटो लपवायचे कशाला? ते दगड सातआठशे वर्षं गावाच्या वेशीवर उघड्यावर उभे आहेत.

खूण काढून टॉरेंट नव्याने बनवला. ही खूण फाइलच्या मूळ माहितीचाच भाग असल्यामुळे ओळख-हॅश (टॉरेंटची ओळख पटवणारा आकडा) बदलतो, जगाच्या दृष्टीने तो वेगळाच टॉरेंट होतो. भाचा घाबरला: “मामा, माझे ४० टक्के गेले का?” गेले नाहीत. नव्या टॉरेंटला जुनंच फोल्डर दाखवायचं आणि तपासणी करायला सांगायची. तुकडे जुळले, वीसेक मिनिटांत तो पुन्हा ४० वर.

रात्री दहापर्यंत ताई आणि पुणेकर दोघांचंही उतरायला लागलं. मी खूश. मग यादी परत बघितली. माझ्याकडे जोडलेला अजून भाचाच. ते दोघं भाच्याकडून घेत होते, माझ्याकडून नाही. माझा अपलोड तोच ३१०. भाच्याकडे जेवढं पोचलंय तेवढंच त्या दोघांना मिळणार, आणि भाच्याला मी चमच्याने पाजतोय.

९ जून, सोमवार

राउटरची सेटिंग उघडली. बाहेरच्यांना थेट माझ्यापर्यंत येता यावं म्हणून पोर्ट फॉरवर्ड केला, यूपीएनपी (प्रोग्रामने राउटरकडून स्वतः पोर्ट उघडून घेण्याची सोय) चालू केलं, जुना ६८८१ पोर्ट बदलून ४९१६० केला, लॅपटॉपला घरातला पत्ता कायमचा दिला. पोर्ट तपासला: बंद. राउटर बंद-चालू, पुन्हा तपासला: बंद. फायरवॉल दोन मिनिटं उतरवून बघितली: बंद. यात आख्खी संध्याकाळ गेली. मग राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचला. १००.७२ ने सुरू होणारा. आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या पानावर भलताच पत्ता.

इथेच सगळं उलगडलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला: इंटरनेट पुरवणाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांना आतल्या आत पत्ते वाटायचे आणि बाहेर सगळ्यांसाठी मिळून एकच खरा पत्ता वापरायचा. आशियाच्या वाट्याचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही-४) पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले होते, त्यानंतर ही तडजोड घरोघरी आली. सीजीनॅट म्हणतात.

चाळीच्या फाटकावर एकच पाटी आणि एकच रखवालदार असावा तसं. मी बाहेर पत्र टाकलं तर त्याचं उत्तर रखवालदार मला आणून देतो, कारण मी टाकलेलं त्याच्या लक्षात असतं. पण बाहेरचा कोणी आपणहून आला आणि ‘४९१६० नंबरची खोली’ म्हणाला, तर तो त्याला फाटकातूनच परत लावतो. मी माझ्या खोलीचं दार सताड उघडलं होतं, आणि अडवणारं फाटक माझ्या मालकीचंच नव्हतं.

ब्राउझिंग, व्हिडिओ, बँक, यात काहीच अडत नाही, कारण सुरुवात नेहमी आपणच करतो. टॉरेंटमध्ये मात्र दोघांपैकी एकाला तरी बाहेरून येणारं जोडणं घेता आलं पाहिजे. ताई आणि पुणेकरांना फोन करून त्यांच्या राउटरचे पत्ते वाचायला सांगितले. ताईंचा १० ने सुरू होणारा, पुण्याचा १००.९१. आम्ही तिघंही आपापल्या फाटकांच्या आत, तिघंही एकमेकांना हाक मारू शकत नाही. एकट्या भाच्याच्या घराला रस्त्यावर दार आहे, म्हणून सगळी वर्दळ त्याच्या ओसरीवरून.

११ जून, बुधवार

केबलवाल्याच्या ऑफिसला फोन. संवाद जसाच्या तसा:

“बाहेरून पोर्ट उघडायचाय.”

“सीसीटीव्ही बसवलाय काय साहेब?”

“नाही, फाइली पाठवायच्यात.”

“मग पोर्ट कशाला? मेल करा की.”

“६१ जीबी आहेत.”

थोडा वेळ शांतता. “स्टॅटिक आयपी घ्या की मग. वर्षाला अडीच हजार. सीसीटीव्हीवाले सगळे तेच घेतात.”

स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त आपला असा कायमचा बाहेरचा पत्ता. अडीच हजारात ६४ जीबीचे कितीतरी पेनड्राइव्ह येतील आणि एसटीचं पार्सलही. पण पोराने उपयोगाचं एक सांगितलं: “आयपीव्ही-६ चालतंय बघा आपल्याकडं. राउटरला बंद असतंय.”

१३ जून, शुक्रवार

चालतंय! राउटरमध्ये आयपीव्ही-६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, ‘बंद’ वरून ‘आपोआप’ केलं, मिनिटभरात पत्त्यांचा गठ्ठा मिळाला. यात फाटक नाही, घरातल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा खरा पत्ता. ताईंकडे मोबाइल कंपनीचा ५जी डबा आहे आणि मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही-६ आपल्याकडे सर्रास असतं, त्यांना काही करावंच लागलं नाही.

तरी एक पायरी राहिली. खरा पत्ता मिळाला म्हणजे दार उघडं असं नव्हे. राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं आयपीव्ही-६ अडवते आणि अडवावंच. फक्त ४९१६० पोर्टपुरता, फक्त लॅपटॉपच्या पत्त्यासाठी नियम लिहिला. संध्याकाळी ७.२० ला यादीत ताई आल्या, आतून नाही तर बाहेरून आलेलं जोडणं म्हणून. त्यांच्या डब्यातही बाहेरचं येणं बंद आहे, पण त्याने बिघडत नाही. माझं दार उघडं आहे आणि हाक त्या मारतायत.

पुण्याच्या कंपनीकडे आयपीव्ही-६ नाही. मावसभाऊ म्हणाला, “दादा, मला भाच्याकडूनच मिळू दे, मला काही घाई नाही.”

१४ जून, शनिवार

सकाळी ताई गायब. दोन तास शोधलं. लॅपटॉप खासगीपणासाठी आयपीव्ही-६ चा तात्पुरता पत्ता घेतो आणि तो रोज बदलतो. मी कालचा नियम नेमका त्या तात्पुरत्या पत्त्यावर लिहिला होता. मशीनचा दुसरा, स्थिर पत्ता असतो. नियम त्यावर हलवला. ताई परत.

पण ताई येऊनही एकूण अपलोड साडेतीनशेच्या आसपासच. एकाचे दोन झाले आणि तेवढाच भाकरतुकडा दोघांत वाटला गेला. म्हणजे पोचण्याचा प्रश्न सुटला तरी त्याच्यामागे आणखी एक दुखणं लपलंय. आज लॅपटॉप रात्रभर चालू ठेवणार. दर मिनिटाला पिंगची वेळ (छोटं पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) आणि अपलोडचा वेग फाइलीत लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावून झोपतो.

१५ जून, रविवार

सगळ्यात मोलाचा दिवस. स्क्रिप्टने लिहिलेलं:

रात्री ८.४०, पिंग ३३८ मिलिसेकंद, अपलोड २९५ केबी. ९.५५, पिंग ३५१, अपलोड ३१२. १०.४५ ला ताईंचा डबा बंद. तिकडे विजा कडाडत होत्या म्हणून त्यांनी प्लग काढून ठेवला. ११.३० पर्यंत असंच. ११.३४, पिंग ९. अपलोड २,९०० केबी! तिथून सपाट रेघ, २,९०० ते ३,०००. आणि १.५३ ला धाडकन शून्य.

सकाळी ते शून्य बघून पोटात गोळा आला. मग फोनवर भाच्याचा मेसेज: “मामा, १००%.” बिघाड नव्हता, घेणाराच उरला नव्हता.

आता प्रश्न एवढाच की साडेअकराला झालं काय. उत्तर जेवणाच्या टेबलावर होतं. मुलगी रात्री आठला फोन वायफायवर चार्जिंगला लावते आणि त्यातले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. तिच्या कॉलेजचं गॅदरिंग झालंय, व्हिडिओंचा ढीग आहे. साडेअकराच्या सुमाराला त्या रात्रीचा कोटा संपतो.

पण फोनने सगळी वाट खाल्ली असं म्हणणं अर्धवट आहे. दोघांनी मागितलं तर निम्मं-निम्मं मिळायला हवं. मला वीस भागांतला एक भाग का? कारण टॉरेंटचे प्रोग्राम एकमेकांशी बहुतेक वेळा यूटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात आणि ती पद्धत मुद्दाम भिडस्त बनवलेली आहे. आपल्या पाठवण्यामुळे रांगेत साधारण १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होतोय असं दिसलं की ती स्वतः मागे सरते, म्हणजे घरातल्या बाकीच्यांचे कॉल आणि व्हिडिओ अडू नयेत. क्लाउडचा बॅकअप असा भिडस्त नाही, तो धक्के मारत चढतो. राउटरच्या पोटात पाकिटांची लांबलचक रांग लागते, पिंग ९ चा ३४० होतो, आणि यूटीपी ते बघून दर वेळी ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत मागेच राहतं. एसटीत शिरताना रुमाल न टाकणाऱ्या माणसाचं जे होतं ते.

१६ जून, सोमवार

दोन उपाय सुचले. एक, प्रोग्रामला यूटीपी सोडून फक्त टीसीपी ही नेहमीची, भीड न बाळगणारी पद्धत वापरायला सांगायचं. म्हणजे आपणही धक्काबुक्कीत उतरायचं. करून बघितलं. अपलोड दोन हजारांवर गेला आणि मुलीचा ऑनलाइन क्लास तुटायला लागला. “बाबा, काय करताय?” लगेच परत फिरवलं.

दुसरा, रांगच लागू द्यायची नाही. माळ्यावर एक जुना राउटर होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली घालून केक ही रांग-व्यवस्था लावली आणि अपलोडची मर्यादा ४७ ऐवजी ४३ मेगाबिट ठेवली. ते थोडं कमी ठेवणं हाच सगळा डाव. लाइनीच्या कमालीपेक्षा जरा खाली राहिलं की रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागते, आणि इथे प्रत्येकाला पाळीपाळीने सोडणारा माणूस मी बसवलाय. फोन, क्लास, टॉरेंट, सगळे आपापल्या वाट्याचं घेतात. जाता जाता लॅपटॉपही वायफायवरून केबलवर आणला.

रात्री ९, फोनचा बॅकअप चालू, ताई जोडलेल्या: पिंग १८, ताईंना २,४०० केबी. मुलीला काही कळलंही नाही, हे उत्तम.

१७ जून, मंगळवार

एक गोष्ट सलत होती. शनिवारच्या रात्री वाट पूर्ण रिकामी असताना भाच्याला ३,००० वर का गेलं नाही? कमाल तर सव्वासहा हजारांची. आणि रेघ इतकी सपाट की कुणीतरी पट्टी ठेवून ओढलीय.

लीस्टरला पिंग १६० मिलिसेकंद. क्यूबिटटॉरेंटच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘सेंड बफर वॉटरमार्क’ म्हणून एक आकडा आहे, मुळात ५०० केबी. पाठवायला तयार ठेवलेल्या मालावरची ही मर्यादा. ढोबळ हिशोब: एका फेरीत ५०० केबी आणि फेरीला ०.१६ सेकंद, म्हणजे सेकंदाला ३,१०० च्या आसपास. अगदी तीच पट्टी. ताईंच्या बाबतीत हे जाणवत नाही कारण फेरीच छोटी आहे. समुद्रापार पाठवतानाच बैलगाडी कमी पडते.

आकडा ३,००० केला. भाच्यासाठी २ जीबीची एक निरर्थक फाइल बनवून पाठवली: ४,६०० केबी. हा उपाय जवळपास फुकट होता आणि मी तो सगळ्यात शेवटी केला. पण आधी केला असता तर काहीच फरक दिसला नसता, कारण त्याच्या वरचे दोन बूच तसेच होते.

ऑफिसातला एक जण म्हणाला, अपलोड स्लॉट (एकाच वेळी किती जणांना द्यायचं तो आकडा) वाढव. वाढवले नाहीत. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट आणलं तेव्हापासून यात एकाच वेळी मोजक्यांनाच द्यायचं, दर १० सेकंदांनी कुणाला द्यायचं ते ठरवायचं आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला संधी द्यायची असा रिवाज आहे. घेणारे शेकडो असले तर स्लॉटचा विचार करावा. माझ्याकडे दोन.

१९ जून, गुरुवार

रात्री ११.१० ला अचानक यादीत पुणेकर! दोघंही फाटकाच्या आत असताना? हे मध्यस्थाचं काम. आमच्या दोघांशीही जोडलेल्या भाच्याच्या प्रोग्रामने दोघांना एकमेकांचे बाहेरचे पत्ते दिले आणि दोघांनी एकाच वेळी पाकिटं सोडली. माझ्या रखवालदाराला वाटलं हे उत्तर आलंय, त्याच्याही रखवालदाराला तेच. होल पंचिंग म्हणतात. सगळ्या फाटकांवर ही युक्ती चालत नाही, सीजीनॅट पोर्ट कसे वाटतं त्यावर आहे. आमचं चाळीस मिनिटं टिकलं, चारेक जीबी गेले, मग तुटलं ते तुटलंच.

२० जून, शुक्रवार

ताई १००%. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगाबद्दल नव्हता: “चौथ्या दगडाच्या खालच्या चौकटीत गाई दोन आहेत की तीन? खालचा कोपरा झिजलाय.” मी दोनच बघितल्या होत्या.

पुणे ७१ वर अडकलंय, सकाळपासून शून्य. आता तपासायला काय उरलं म्हणून फोन केला. मागे टाळ-मृदंग. पालखी पुण्यात मुक्कामाला, हा दर्शनाला गेलेला आणि घरी लॅपटॉपचं झाकण मिटलेलं.

२२ जून, रविवार

पुणे १००%. नवा टॉरेंट बनवल्यापासूनची बेरीज केली: तिघांना मिळून १५८ जीबी पोचले. त्यातले मी ७३ पाठवले, भाच्याने ८५, ताईंनी अर्धा जीबी. ज्याच्या घराला रस्त्यावर दार त्याने मूळ मालकापेक्षा जास्त वाटलं, तेही माझ्या निम्म्याहून कमी अपलोडच्या लाइनीवर.

२४ जून, मंगळवार

भाच्याने चौथ्या वीरगळाचं मॉडेल पाठवलं. प्रकाश तिरपा पाडून बघितलं तर झिजल्या कोपऱ्यात तिसऱ्या गाईचं शिंग आणि पाठीची वळी आहे. दगडाच्या मागच्या अंगाला मात्र मॉडेलला भगदाड, मी तिकडे बाभळीच्या काट्यांमुळे वळसा नीट घातला नव्हता. पहाटेच जाऊन ६० फोटो काढून आणले, दीड जीबी. संध्याकाळी सव्वापाचला टाकले, साडेपाचच्या आत लीस्टरला पोचले. ताईंनी थेट माझ्याकडून घेतले. पुण्याला अजून लीस्टरवरूनच जातात.